चाळीस लाख टाके कुणाचे?

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. दोन महिन्यांत तुझी एक ओळ नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या परक्या माणसांना सोडवायला तुला वेळ आहे, आणि सख्ख्या बहिणीची खुशाली विचारायला नाही, असं कसं रे? फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून पत्रच बरं.

काम काढून लिहिते आहे, हे तू ओळखलंच असशील. मला माझं भरतकामाचं मशीन देऊन बदल्यात दहा सुयांचं घ्यायचं आहे. माझं पडलं एका सुईचं. रंग बदलला की थांबा, रीळ काढा, दुसरं लावा, पुन्हा दोरा ओवा. शाळेच्या एका बिल्ल्यात सात रंग, म्हणजे सातदा ओवणं आलं. आणि तेच आता जमत नाही बघ. चष्मा पुसून पुसून थकले, पण दोरा काही नेढ्यात जात नाही. दहा सुयांचं असलं की सूनबाईने सकाळी एकदा दहा दोरे ओवून द्यायचे, मग दिवसभर माझी मी मुखत्यार. नाहीतर काम बंद करून खिडकीत बसायचं. मी खिडकीत बसणारी बाई आहे का, तूच सांग.

इथे तिघांना किंमत विचारली. पहिला म्हणाला नव्याच्या अर्धी देईन, दुसरा म्हणाला भंगारात घेईन, तिसऱ्याने झाकण उघडून आत फुंकर मारली, मान हलवली आणि एक अक्षर न बोलता निघून गेला. आता यातून मी काय समजायचं? तुमच्याकडे मोठं शोरूम आहे म्हणे, तिथे विचार. मशीन सहा वर्षांचं, टाके आजवर दोन कोटी नव्वद लाख. मी हजार टाक्यांवर मजुरी घेते, त्यामुळे प्रत्येक नगाचे टाके माझ्या वहीत आहेत. त्या वहीला तू हसतोस. हस.

उत्तर धाड, लोभ त्यातच समजेन.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,

बारक्याचा शि. सा. न. धपाटा पोचला, पाठ चोळत लिहितो आहे.

शोरूमला जाऊन आलो. त्यांनी मशीनचं वय विचारलंच नाही, टाके किती झाले ते विचारलं. जुन्या गाडीचे किलोमीटर बघतात तसंच हे. तीन कोटींच्या आत असेल तर चांगला भाव, एक टाका वर गेला की निम्मा. मी छाती पुढे काढून दोन कोटी नव्वद लाख सांगितले. त्यांनी लगेच कागदावर आकडा लिहून दिला. त्या भावात तुझं दहा सुयांचं आरामात बसत होतं.

पण पुढे ते म्हणाले, मशीन स्वतःही टाके मोजतं, त्याच्या पडद्याचा फोटो आणा. सूनबाईला निरोप दिला, तिने लगेच पाठवला. ताई, त्यावर आकडा आहे तीन कोटी तीस लाख! दुकानदाराने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी खिशात मशीन घालून पळतो आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्या बेरजेत चूक होणार नाही, हे मी जाणतो. मग वरचे चाळीस लाख आले कुठून? आपले अण्णा शिवणयंत्र रोज सकाळी नुसतंच चालवून गरम करायचे, तशी खोड तुलाही आहे का? वरचे टाके खरे नाहीत असं निघालं तर आधीचाच भाव देऊ, महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले आहेत.

धाकट्यावर राग नसावा, वाटेल तर आणखी एक धपाटा असावा.

तुझा बारक्या


१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. सबंध वहीची तीनदा बेरीज केली. आकडा तोच, दोन कोटी नव्वद लाख. मशीन मी रिकामं एक मिनिट चालवत नाही, अण्णांच्या त्या खोडीवरून तर आईची आणि त्यांची रोज भांडणं व्हायची.

मग मशीनवर बसतं कोण? दुपारी दोन ते चार मी तयार माल पोचवायला आणि नवी कामं आणायला बाहेर असते. घरात असते ती एकटी सूनबाई. तुला नाही तर कुणाला सांगू? निळं रीळ आणलं की आठवड्यात संपतं. मागे एकदा मी लवकर परतले, तर तिने घाईघाईने मशीन बंद केलं आणि कोरडं टेबल पुसायला घेतलं. चेहरा पांढराफटक. नक्कीच कुठेतरी पाणी मुरतं आहे. माझ्या पाठीमागे ही बाहेरची कामं घेते का? मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का रे? हिच्या चोरीपायी माझं दहा सुयांचं मशीन चाललं हातचं.

आणि तरी विचारायला जीभ रेटत नाही. आठ वर्षांत तिने वर तोंड करून उत्तर दिलेलं नाही. बरं, काम बिघडलं म्हणावं तर तसंही नाही. शाळेच्या बाई परवाच म्हणाल्या, हल्ली तुमच्या हाताला पूर्वीपेक्षा सफाई आली आहे. मला काही म्हणजे काही कळेनासं झालं आहे. तू तिचा मामा, तूच वेगळं पत्र घालून विचार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


२३ फेब्रुवारी

ती. मामांस,

सूनबाईचा शि. सा. न. आपण सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. ते चाळीस लाख टाके माझेच आहेत. पण बाहेरचं एकही काम मी कधी घेतलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याचे बारा कोट आले होते, खिशावर निळ्या दोऱ्याने नावं घालायची होती. आईंनी दहा निळी घातली आणि दोन काळी. म्हटलं, असतं एखादे वेळी. मग शाळेच्या बिल्ल्यांवर झाडाचा बुंधा हिरवा आणि पानं तपकिरी आली. आई मला म्हणाल्या, किती सुरेख झालेत बघ. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या थट्टा करत नव्हत्या.

माल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. आई बाहेर गेल्यावर मी सगळे बिल्ले नव्याने भरले आणि आधीचे ट्रंकेत टाकले. तेव्हापासून हेच चाललं आहे. कोट असला तर ब्लेडने उसवून पुन्हा भरते. इस्त्री आणि बांधाबांध माझ्याकडे, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं नाही. पडद्यावरच्या त्या आकड्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, नाहीतर फोटो पाठवताना दोनदा विचार केला असता.

डोळे दाखवा म्हटलं की त्या म्हणतात, डॉक्टर म्हाताऱ्यांसाठी असतात. दहा सुया ओवून दिल्या तरी कुठला रंग कुठे, हे त्यांनाच ठरवायचं आहे ना? खरं सांगितलं तर त्या त्याच दिवशी काम सोडतील, म्हणून गप्प राहिले. आता त्यांना मी चोर वाटते. वाटू द्यावं का, मामा? मला काही सुचत नाही. आपण सांगाल तसं करीन.

लेकीसारखी समजता, तशीच समजत राहावं.

आपली सूनबाई


५ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे.

तू तिला कळवलंस की ट्रंक उघडून सगळं सांग. तिने सांगितलं. मी म्हटलं, साफ खोटं. तेव्हा तिने खिडकीत दोन बिल्ले ठेवले, एक माझा, एक तिचा, आणि यातला तुमचा कुठला, ते विचारलं. मी ते उलटेपालटे केले, उन्हात नेले, बोटांनी चाचपले. बारक्या, मला ओळखता आलं नाही रे. त्यातल्या त्यात सुबक होता तो माझा म्हणून उचलला. तो तिचा होता.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. दोन वर्षं मला वेड्यात काढलं, असंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी राग गेला आणि लाज उरली. हिला मी चोर म्हटलं. इथे तिचा हात थांबला आहे, हे नको म्हणते. मी म्हटलं, पत्र माझं आहे, लिही.

काल ती मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. कधीपासून दिसत नाही असं त्यांनी विचारलं, तर मला सांगता येईना. महिना आणि वार तिने सांगितला. बारा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बऱ्यापैकी दिसेल म्हणतात. बऱ्यापैकी म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. मला भीती वाटते आहे. तू ये.

दुकानदाराला सांग, त्यांचा आकडा खरा होता, पण मशीन आता द्यायचं नाही. सध्या त्यावर सूनबाई बसते आणि मी शेजारी बसून रिळं हातात देते. आज सकाळी तिने निळं मागितलं. मी दिलं. तिने ते बघितलं, परत ठेवलं आणि डब्यातून दुसरं काढून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्यादेखत.

लोभ पत्रातून नको, बारा तारखेला घेऊनच ये. सही मात्र माझी मी करते.

ताई