दोन विटांची उंची

प्रिय बाई,

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी सांगतो. पिकातलं तण काढायचे एकवीस डवरे. कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटायचे चिमटे एकशे चाळीसच्या वर, प्रत्येकाचा जबडा पाऊण इंच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. आर्णीतल्या तीन दुकानांची शटरं. एका शाळेचं फाटक, जे बारा वर्षांत एकदाही कुरकुरलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्यासाठी खाली-वर होणारी काठी. आणि कडबा कुटायची यंत्रं, सगळी मिळून एकतीस. यातलं काहीच मला कोणी शिकवलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, आयटीआयची पायरी चढलो नाही, आपल्या घराण्यात कोणी लोखंडाला हात लावला नव्हता. मोडकी यंत्रं खोलली, पुन्हा जोडली, मापं वहीत लिहीत गेलो. लोक मला आज मिस्तरी म्हणतात ते उगाच नाही.

त्या एकतीसमधलं पहिलं यंत्र तुझं, माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं. लोकांना सांगताना तेवढं मी नेहमी गाळतो.

आज लिहायला बसलो, कारण आठ दिवस झाले, माझं एकही वेल्डिंग सरळ बसत नाही. माझं! काल गुनिया लावला तर काटकोनात दोन सुतांचा फरक. एक मागणी आली होती, ती मी नाकारली. तेव्हापासून जो तो म्हणतो, "मिस्तरी भावनेत वाहून गेले." मी? जो फाटकाला तीनदा ओळंबा लावून पाहतो तो? आणि बाई, राग याचा आहे की ते खरं आहे. नाही म्हणताना माझ्याजवळ एकही हिशोब नव्हता. फक्त कपाळ गरम झालं होतं. असा निर्णय बरोबर असू शकतो का? हे तुला सोडून कोणाला विचारू?

तुला ते यंत्र आणून दिलं तो दिवस आठवतो? आर्णीहून केळापूरच्या पुढे तुझ्या गावापर्यंत टेम्पोत मी यंत्राला धरून उभा राहून आलो होतो. चार जनावरांचा कडबा तू विळ्यानं तोडायचीस, त्यातून तुझी सुटका म्हणून. तोंड जमिनीपासून बरोबर अडतीस इंचांवर. बटन दाबलं, ज्वारीची पेंढी आत गेली आणि पलीकडून बारीक कुटार पडलं. भाऊजींनी टाळी वाजवली. मग तू पेंढी घ्यायला पुढे आलीस आणि आधी दोन विटा आणून ठेवल्यास.

"काय वं बाई, विठोबावानी विटेवर उभी राह्यली?" मी म्हणालो.

"मंग का करू? तुह्या मशीनचं तोंड माह्या छातीले लागते. बुटकी काहून नाही केली?"

"मशीन मापात हाये. तूच मापात नाही."

"मायनंच कमी देल्लं माप, तिले इचार!" तू म्हणालीस आणि सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं अजून कानात आहे. अडतीस इंच कुठून आले होते माहीत आहे? माझ्या कमरेवरून. पाच फूट दहा इंचांचा मी माझ्या अंगणात उभा राहिलो, हात सैल सोडला आणि खूण केली. कडबा कुटायला घरात कोण उभं राहतं, हे मी विचारलंच नाही. सुतापर्यंत मोजलं, पण एकाच माणसाला मोजलं.

मार्गशीर्षात वीट सरकली. दवानं ओला झालेला कडबा, पुढे तोल गेलेली तू, आणि उजव्या हाताची तीन बोटं.

मी यष्टीनं यवतमाळच्या दवाखान्यात पोचलो. तुझा हात पांढऱ्या पट्टीत, तू डोळे उघडे ठेवून पडलेली. आणि मी पहिलं काय विचारलं, बाई?

"हात कितीक आतमंदी गेल्ता?"

दुखतं का, असं विचारलं नाही! माप विचारलं. आणि तू, देवासारखं माणूस, म्हणालीस, "माहीच चुकी झाली दिगू. ईट सरकली. तू जेवला का?"

मी घरी येऊन वहीत लिहिलं : "कारण – वीट." शाईच्या पेनानं, खाली रेघ मारून. किती सरळ विचार केला होता मी! यंत्र तेच, देण्याआधी मी कितीदा चालवून पाहिलं, मला काही झालं नाही. लक्ष देऊन काम केलं तर कोणालाच काही होत नाही. वीट सरकली हा यंत्राचा दोष कसा? त्या हिशोबात आजही मला चूक काढता येत नाही. त्या हिशोबाच्या जोरावर मी त्याच मापाची आणखी नऊ यंत्रं केली आणि विकली.

इथे माझी तुझ्यावर तक्रार आहे. तू का बोलली नाहीस? गावात तू सांगितलंस, बोटं विहिरीवरच्या मोटारीच्या पट्ट्यात गेली. घरच्यांना ताकीद दिलीस, भावाचं नाव घ्यायचं नाही. भाऊजींनी यंत्र पोत्यांखाली झाकलं आणि तोंड मिटलं. माझा धंदा नवीन होता, तो बुडू नये म्हणून ना? माझ्यावर ओरडली असतीस तर! "तुह्या मशीननं खाल्ली माही बोटं," एवढं एकदा म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो. लोक म्हणतात मायेनं घेतलेला निर्णय चांगलाच असतो. मग तुझ्या मायेनं नऊ घरांत नऊ यंत्रं पोचवली, त्याचं काय?

पण लगेच मनात येतं, मी कुठल्या तोंडानं बोलतोय. विटा मी पाहिल्या होत्या. ओरडायला तू कशाला हवी होतीस?

मग भाऊबीज. आधी तू मधल्या बोटानं टिळा लावायचीस, हलकासा, लागलाय की नाही कळायचंही नाही. अपघातानंतर अंगठ्यानं लावायला लागलीस. अंगठा आणि करंगळी, एवढीच उरली होती ना त्या हाताला. अंगठा जोरात दाबायचीस, आणि मधल्या रिकाम्या जागेची कातडी माझ्या भुवईला टेकायची. घरचे म्हणायचे, डाव्या हातानं लाव. तू म्हणायचीस, "डाव्या हातानं कोनी भावाले ओवाळते का?"

पहिल्या वर्षी मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वर्षी ताटातल्या करंज्या मोजत बसलो. तिसऱ्या वर्षी ती कातडी भुवईला लागली आणि अंगावर असा काटा आला की हातातलं ओवाळणीचं पाकीट खाली पडलं. त्या क्षणी मी कसलाच विचार केला नव्हता, हे तुला शपथेवर सांगतो. यंत्र चूक की वीट चूक, काही नाही. फक्त वाटलं, हे दुसऱ्या कोणाच्या कपाळाला लागायला नको.

त्याच दुपारी, आठवतं, मी तुझ्या यंत्रावरची पोती काढली आणि पाय कापले. दुसऱ्या दिवसापासून गावोगाव हिंडलो. नऊपैकी आठ यंत्रं सापडली. आणि बाई, त्या आठही घरी यंत्रापुढे काहीतरी ठेवलेलं होतं. कुठे पाट, कुठे तेलाचं पिंप कापून केलेला डबा, एके ठिकाणी जुनी शिवणयंत्राची पेटी. आर्णीजवळच्या एका घरी तर उपडं घमेलं! तिथली बाई मला पाहून खूश झाली.

"तुमीच का मशीनवाले? बरं झालं आले. मशीन झकास हाये. हे घमेलं तेवढं लई हालते. त्याचं काई करा ना."

तिला वाटत होतं, घमेल्यात दोष आहे. जसं मला वाटलं होतं विटेत आहे. जसं तुलाही वाटलं होतं, तुझ्यात आहे.

आठही यंत्रांचे पाय कापले. तोंडाची नळी छत्तीस इंचांची केली, त्यातले अठरा इंच वरून झाकलेले, झाकण वेल्ड केलेलं, हात पात्यापर्यंत पोचूच नये म्हणून. पोटाशी आडवा दांडा, पोट टेकलं की पेंढी आत ओढणारे रोलर थांबतात. पुढची एकवीस यंत्रं अशीच केली, आणि दर वेळी उंची ठरवायला घरातल्या बाईलाच अंगणात उभं केलं. लोक हसायचे. "मिस्तरी, ब्लाउज शिवता का मशीन करता?"

नववं मात्र सापडलं नाही. ज्यानं घेतलं त्यानं बैलांसोबत बाजारात विकून टाकलं होतं.

आता खरी गोष्ट. श्रावणात तापाचं निमित्त होऊन तू गेलीस, आणि या भाऊबीजेला माझं कपाळ कोरडं राहिलं. त्यानंतर पंधराच दिवसांत यवतमाळचा एक शेठ वर्कशॉपवर आला. शेतीच्या अवजारांचं मोठं दुकान आहे त्याचं. माणूस वाईट नाही. माझं वेल्डिंग बोटानं चाचपून बघितलं, मान डोलावली.

"मिस्तरी, काम एक नंबर. पन हे झाकन नको. गिऱ्हाईक म्हन्ते पेंढी अडकते, टाइम जाते."

"झाकनाशिवाय मी करत नाही."

"मंग दोन बोल्टावर बसवा. घरी नेऊन त्यानं काढलं तं त्याची मर्जी. आपन तं लावूनच देल्लं ना? अन् ध्यान देऊन काम केलं तं कोनाले काहीच होत नाही."

बाई, ते वाक्य माझ्या त्या हिशोबातलं होतं! माझंच, अक्षर न् अक्षर. आणि त्याला उत्तर द्यायला माझ्याजवळ एकही मुद्दा नव्हता. झाकण गिऱ्हाईकच काढणार, कबूल. मी केलं नाही तर दुसरा कोणी करेल, पातळ पत्र्याचं, तेही कबूल. शेठ म्हणाला, "भावना बाजूला ठेवा मिस्तरी, ठंड्या दिमागानं सोचा." मी खरोखर प्रयत्न केला. तेवढ्यात हात आपोआप भुवईवर गेला, आणि तोंडातून "नाही" निघून गेलं. तो चकित. मी त्याच्याहून चकित.

तुझी भावजय मंगला दारातून ऐकत होती. शेठची गाडी वळायच्या आत बोलली.

"अवो, हा भाड्याचा शेड खाली कराले गुढीपाडव्यापर्यंतचीच मुदत हाये, ध्यानात हाये ना? या पैशात आपल्या पलाटवर टिनाचा शेड झाला असता. लेथ, ड्रिल, सारं कुठी ठेवसान, माह्या चुलीपाशी?"

मी गुनिया उचलून खुंटीला अडकवला.

"अन् बाई असत्या तं त्यायनंच तुमाले 'घे' म्हटलं असतं. तुमच्या धंद्यापाई बोटाचं नाव नाही काढलं त्यायनं कधी."

हेच मला आठ दिवस कुरतडतंय. ती खरं बोलते. तू 'घे' म्हणाली असतीस, नाही का? हसत म्हणाली असतीस! मग मी हे कोणासाठी केलं? तुझ्यासाठी म्हणावं तर तुझ्या मनाविरुद्ध. त्या न पाहिलेल्या बायांसाठी म्हणावं तर त्यांच्या घरी दुसऱ्याचं यंत्र जाणारच. की फक्त माझं कपाळ थंड व्हावं म्हणून? पाडव्याला शेड जाईल. लेथ विकावा लागला तर पंचवीस वर्षांचं काम हातातून जाईल. अंगावर आलेल्या एका काट्यासाठी?

मी तुला जे वाटतं ते सांगतो, बरोबर की चूक तू ठरव. मी समजत होतो, पहिला निर्णय डोक्यानं घेतला आणि हा दुसरा भावनेनं. आज वही उघडून ते पान पुन्हा पाहिलं. "कारण – वीट"च्या खाली रेघ किती जोरात मारली आहे! कागद फाटायला आला आहे. थंड डोक्याचा माणूस अशी रेघ मारतो का? तो गर्व होता, बाई. सातवी शिकलेल्याची इज्जत जाईल ही भीती होती. हिशोब त्यानंतर मांडला. भावना तेव्हाही होतीच, फक्त ती मला जागेवर बसवून ठेवणारी होती. भाऊबीजेचा काटा मला उठवून आठ घरी घेऊन गेला, आणि तिथे गेल्यावर मला घमेलं दिसलं. माझ्या हिशोबात घमेलं कधीच आलं नसतं.

म्हणून मी शेठला परत फोन केला नाही. जीव शांत झालाय असं समजू नकोस. शेडचं काय करायचं, मला माहीत नाही. मंगला तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नव्हती. आज सकाळी मात्र टेप घेऊन आली आणि म्हणाली, "घरामागच्या सपरीत लेथ बसते का, मोजा एकदा." मोजलं. चार इंच कमी पडतात. भिंत फोडावी लागेल.

तुला वचन देतो : ते नववं यंत्र मी शोधीन. पांढरकवड्याच्या बाजारापासून सुरू करीन, बैलांचे जुने दलाल गाठीन, ज्या गावी असेल त्या गावी जाईन, आणि त्या यंत्रापुढे जी उभी असेल तिच्या कमरेएवढं ते करून देईन. फुकट. आणि वहीतला "वीट" हा शब्द खोडून तिथे माझं नाव लिहीन. शाईच्या पेनानंच.

एक सांगायचं राहिलं, तू नक्की विचारलं असतंस. शेठनं चाळीस यंत्रं मागितली होती, झाकण दोन बोल्टांवर, प्रत्येकी अठरा हजार. एकूण सात लाख वीस हजार रुपये. नाही म्हणालो.

तुझा, एकट्यालाच मोजत राहिलेला,
दिगू