बदीरच्या घावाला दोष नव्हता

अल्लाहच्या नावाने. मी नबवीया, मरहूम शाबान लोहाराची बायको, वय चोपन्न, राहणार लोहारगल्ली, दमनहूर. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही. हे मृत्युपत्र माझ्याकडून कुणी लिहवून घेतलेलं नाही. एवढं मला लिहिता येतं.

घर वारसांना, शरियतप्रमाणे. माझी मुलगी साब्रीन वरच्या खोलीत राहते, तिला कुणी हलवू नये. रॉकेलची शेगडी नणंद इन्शिराहला. चार दिवसांसाठी म्हणून नेली ती नऊ वर्षं तिच्याकडेच आहे, तेव्हा शोधत बसू नये.

वारस नसलेल्याला मी माझ्या मालमत्तेतला तिसरा हिस्सा देऊ शकते. भट्टी, ऐरण आणि घण त्यात बसतात. ते बदीरला. त्याने माझ्याकडे सोळा वर्षं घण मारला.

कारण लिहिते. भंगार वितळवून केलेल्या सळ्या आल्या होत्या. त्यांच्या कुदळींना ठोकतानाच जाळीसारख्या बारीक चिरा पडल्या. शेतकरी माल परत घेऊन आले. मी भर गल्लीत बदीरवर ओरडले, "हात आहे का मुसळ?"

"साब्रीनच्या आई, खोट घावात नाही, लोखंडाच्या सालीत आहे. खपली उडाली की खाली तांबूस रेघ दिसते."

"रेघ तुझ्या डोळ्यात आहे. चालता हो!"

पुढे गल्लीत कुणीच त्याला काम दिलं नाही. आता तो तिरमिसचे खारवलेले दाणे विकायची गाडी लावतो.

चूक माझी होती. त्या भंगारात तारांचं तांबं होतं. मी चहाला जाताना विजेचा भाता चालू ठेवून सळ्या आगीत तशाच सोडायची, म्हणे मुरू देत. लोखंड जळून त्याची खपली होते, तांबं जळत नाही. ते सालीखाली साठतं, वितळतं आणि लोखंडात शिरतं. एक तुकडा घासताना मला हे दिसलं, त्याला चार वर्षं झाली. गप्प बसले. रोज त्याच्या गाडीवरून मान वळवून गेले.

भट्टी जो चालवेल त्याने नव्या सळीचा तुकडा आधी तापवून वाकवून बघावा. चिरला तर माल परत. हवा कमी ठेवावी, झटपट तापवावं, नारिंगी असतानाच ठोकावं, पिवळं होऊ देऊ नये. चहा नंतर.

इथवर लिहून बदीरला बोलावून वाचून दाखवलं.

तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत नालायक मीच? मग तब्येतीला जपू नका, बाई."

म्हणून आज जुम्याच्या नमाजानंतर दुकानासमोर उभी राहून हे सगळं मोठ्याने सांगितलं. बदीरने ऐकलं, गिऱ्हाइकाची पुडी बांधली आणि गाडी ढकलत निघून गेला. भट्टी घेतो म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही. कलम तसंच ठेवते.

दमनहूर, शुक्रवार, १५ मार्च २०१९
सही: नबवीया

खालचे दोघे या कागदाचे साक्षी, आणि मी गल्लीत बोलले त्याचेही.
१. सय्यद अल-गज्जार, सुतार
२. खलफ अबू हाशिम, लोहार. बदीरला काम नाकारणारा पहिला मी.