सातच्या गाण्याला गप्प राहिलेली बाई

अमरावती,
९ सप्टेंबर २०२४

चि. देवश्री हिस, हरिहरकाकाचे अ. उ. आ.

तुझ्या बाबांनी सांगितलं की फोनवरच्या माझ्या 'हो बाळ, बघतो बाळ'ला तू कंटाळलीस आणि यापुढे जे काही असेल ते पत्रानेच, असं ठरवलंस. बरं केलंस. फोनवर मी खरंच ऐकत नाही.

तुझी 'सातचं गाणं' ही गोष्ट वामनरावांच्या दिवाळी अंकात लागते आहे. त्या अंकाची मुद्रितं मीच तपासतो, म्हणून काल ते तुझं गाव पुन्हा वाचलं. रोज संध्याकाळी सातला सगळ्यांनी खिडकीत उभं राहून एकच गाणं म्हणायचं, दारावरच्या डबीने प्रत्येकाचा आवाज मोजायचा, आणि चंदा नावाच्या बाईने एक दिवस नुसतं गप्प राहायचं. तिला नेतात. दुसऱ्या दिवशी एक आवाज कमी भरतो, म्हणून सगळ्या गल्लीला गाणं दोनदा म्हणावं लागतं, आणि लोक चंदालाच शिव्या घालतात. शाबास. असा शेवट लिहायला छाती लागते.

ती छाती आमच्या संपादकांकडे नाही. वामनरावांनी दुपारी मला बोलावलं. गालात तंबाखूचा खर्रा धरून म्हणाले की शेवट फार निगेटिव्ह आहे, दिवाळीत वाचक हिरमुसतो. मग हळूच म्हणाले की समोरच्या पानावर टाउनशिपची जाहिरात आहे. तिथे फाटकावर चेहरा दाखवल्याशिवाय राहणाऱ्यालाही आत सोडत नाहीत, आणि सकाळचं भक्तिगीत सगळ्या इमारतींत एकदम वाजतं. मी विचारलं, जाहिरातवाल्यांनी हरकत घेतली का? तर म्हणे, अजून वाचलंच नाही त्यांनी. कोणी डोळे वटारण्याआधीच घाबरून घेण्यात वामनरावांचा हात धरणारा वऱ्हाडात नाही.

त्यांनी स्वतःच नवा परिच्छेद लिहिला आहे. तीन दिवसांनी चंदा आपणहून परत येते, सर्वांत गोड आवाजात गाते, गल्ली टाळ्या वाजवते. हुकुमाविरुद्धच्या गोष्टीला हुकुमाने शेवट! वाचून मी एवढा हसलो की प्रेसमध्ये टाइप करणाऱ्या नितेशने संगणकावरून मान वर केली. ते पान सोबत पाठवतो. छपाई अठ्ठावीस तारखेला आहे, त्याआधी काय करायचं ते कळव.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, पण त्यांनी पोट भरत नाही.

तुझा,
हरिहरकाका


जुने शहर, अकोला,
१४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप हरिहरकाकांस, देवश्रीचा सा. न. वि. वि.

पान मिळालं. वामनरावांचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली की चंदाला शेवटी पेढेही वाटायला लावायचे होते.

पण काका, त्याच्या वरचं वाक्य कोणाचं? 'गाडीत चढताना चंदाने मनोमन देवाचं नाव घेतलं आणि तिला धीर आला.' माझ्या वहीत हे नाही. वामनरावांनी आपला परिच्छेद निदान हाताने लिहून चिकटवला आहे. हे मात्र असं टाइप झालंय की जणू मीच लिहिलं. नितेशला फोन केला. तो म्हणाला, मले तं काकाच्या कागदावर दिसलं, मी टाइप करून देल्लं.

म्हणजे माझ्या वहीवरून स्वच्छ प्रत करता करता तुम्ही हे काम उरकलंत. वर पुन्हा वामनरावांना हसलात! त्यांनी निदान दार वाजवलं. तुम्ही घरचे, म्हणून किल्ली घेऊन आत शिरलात.

माझ्या शाळेत काय चालतं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हा शिक्षकांना रोज सकाळी हजेरीसाठी मोबाइलवरून हसरा फोटो पाठवावा लागतो. हसू कमी भरलं की ॲप दुसरा मागतं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या एक बाई सासऱ्यांच्या तेराव्यानंतर पहिल्याच दिवशी आल्या, त्यांना चार वेळा हसावं लागलं. मी शेजारी उभी होते आणि माझा फोटो पहिल्याच खेपेला पास झाला, ह्याचा मला आनंद झाला. घरी येऊन चंदा लिहायला बसले ती त्या लाजेने. अशी एक बाई मला हवी होती, जिला आतून काय वाटावं हे कोणीच पुरवणार नाही. डबीने नाही, लेखिकेनेसुद्धा नाही. तिथे तुम्ही धीर पोचवलात.

दोन्ही मजकूर काढा. निघत नसतील तर त्या गोष्टीवर माझं नाव नको.

काकूंना नमस्कार. राग आहे, पण पत्र लिहिण्याइतकी माया उरली आहे असं समजा.

आपली,
देवश्री


अमरावती,
१८ सप्टेंबर २०२४

चि. देवश्री हिस, अ. उ. आ.

मागच्या दाराचा चोर हे पत्र लिहितो आहे.

तू पंचवीस वर्षांची. मी मोर्शीकडच्या खेड्यात ज्या शाळेत शिकलो तिथे छप्पर गळायचं, पण गुरुजी प्रार्थनेशिवाय फळ्याला हात लावत नसत. अजूनही सकाळी देवापुढे दोन घटका बसल्याशिवाय मी प्रेसची पायरी चढत नाही. चंदाला तू रिकाम्या तोंडाने गाडीत चढवलंस, ते लिहून काढताना माझा हात आवरला नाही. त्यात डबी नव्हती, जाहिरात नव्हती. वामनरावांच्या आणि माझ्या पंक्तीत जमीनअस्मानाचं अंतर आहे. मी तर तिला

२१ सप्टेंबर

त्या दिवशी इथवर लिहिलं आणि वामनरावांचं बोलावणं आलं. तुझा निरोप सांगितला. त्यांना ओशाळं वाटेल अशी माझी भाबडी समजूत होती. ते खूश झाले. नाव नको? उत्तम! नाव नसलं की गोष्ट सगळ्यांचीच होते, असं म्हणाले. तुझं सगळं लेखन त्यांना एकदम समजलं म्हणायचं, फक्त उलट्या बाजूने.

मी चिडून म्हटलं की बाईचं तोंड बांधून तिला गायला लावता, काही वाटत नाही? तर खर्रा थुंकून अगदी मनापासून म्हणाले, हरिहरराव, असं काहून बोलता? मी तर तिला सुखच दिलं.

घरी येऊन हे अर्धं पत्र पुढे ओढलं. 'मी तर तिला' इथे थांबलो होतो. पुढे 'धीरच दिला' असं लिहायचं होतं. लेखणी उचलवेना. वामनरावांवर एवढं तोंडसुख घेतलं आणि वाक्य त्यांचंच निघालं. त्यातून ते जाहिरातीला भिऊन करतात, मी तर कशालाही न भिता, अंघोळ करून, शुचिर्भूत होऊन केलं.

आज सकाळी नितेशशेजारी बसून दोन्ही काढायला लावले. त्यांचा परिच्छेद चटकन गेला. माझ्या वाक्याशी नितेशही थबकला, म्हणाला, काका, हे तं बरं होतं. मलाही ते बरंच वाटतं, तुला खोटं सांगत नाही. तिने नाव घ्यायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे. पण ती माझी कोणी नाही, आणि तिच्या वतीने माझा देव बोलावणारा मी कोण?

वामनरावांनी नवं मुद्रित पाहिलं आणि अशी असेल तर गोष्ट नको म्हणाले. मी म्हटलं, नका घेऊ. मग हसून पुढच्या वर्षी मुद्रितं तपासायला दुसरा माणूस बघतो म्हणाले. बघोत. तुझ्या जागी आता टाउनशिप दोन्ही पानांवर पसरली आहे. फाटक चांगलं ऐसपैस आलंय, एवढं खरं.

तुझ्या गोष्टीचं छापील अंकात येणं मात्र गेलं. त्याचं वाईट वाटतं. वहीशी ताडून पाहिलेली पानं सोबत आहेत. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

क्षमा मागण्याची मला सवय नाही. हीच समज.

तुझा,
हरिहरकाका


जुने शहर, अकोला,
१९ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप काकांस, सा. न. वि. वि.

पानं पोचली. उत्तराला महिना लावला, त्यात थोडा मुद्दाम होता.

आमच्या गल्लीत भुलाबाईची गाणी कोजागिरीला संपली. शेवटच्या दिवशी खिरापत ओळखून झाली, तोंडात शेंगदाण्याचा लाडू असताना कोणाला पळता येत नाही, म्हणून तेव्हाच गोष्ट वाचली. अकरा बायका आणि दारात उभे बाबा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा आधी बोलले, काहून एवढा ताठा म्हणतो मी, नुसते ओठ हलवले असते तं का बिघडलं असतं? त्यावर शेजारच्या भावनाताई त्यांना म्हणाल्या की भाऊजी, तुमी तं दोनदा हलवले असते. मग जे भांडण लागलं ते दूध आटेपर्यंत. निम्म्या बायका चंदाच्या विरुद्ध. मला फार बरं वाटलं. अंकात छापून आली असती तर एवढ्या शिव्या कुठून मिळाल्या असत्या?

देवळापाशी फुलांचे हार विकणाऱ्या गोदाबाई तेवढ्या भांडण सोडून वाट्या गोळा करत होत्या. निघताना मला कोपऱ्यात घेऊन त्यांनी विचारलं की गाडीत चढताना त्या बाईनं देवाचं नाव घेतलं काय. मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही. त्यांनी पायात चप्पल सरकवली. मग म्हणाल्या, मले वाटलंच. म्हून तू वाचून राहिली होती तवा म्याच घेतलं तिच्यासाठी.

दिवाळीला या. चुकवाल तर वामनरावांचा अंक भेट पाठवीन.

आपली,
देवश्री