हनुवट्या साहेबाच्या दोन पेट्या

मी, लोटन चिंधा बडगुजर, वय सव्वीस, धंदा फिरता तंबू सिनेमा, राहणार कायमचा असा कुठलाच नाही, पण कागदाला गाव लागतंच असं जीवरामनाना अर्जनवीस म्हणतात म्हणून मुक्काम यावल, आज धुळ्याला कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दमदाटीशिवाय आणि काहीही न पिता माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा पुरावा हा की डोकं भयंकर तापलेलं आहे.

लिहिण्याचं कारण, उद्या इथल्या मोठ्या दवाखान्यात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. ती कसली ते काढल्यावर कळेल म्हणे. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, आवाजाचं काय?" ते म्हणाले, "आधी जीव बघू." आता मी पडद्याच्या बाजूला उभा राहून भोंग्यातून विलायती सिनेमा अहिराणीत सांगणारा माणूस. नुसता जीव घेऊन मी तिथे काय करू, पडदा धरून उभा राहू?

कलम पहिले. आईवडील वारले. लग्न झालेलं नाही, आणि ते का झालं नाही त्याला माझा मोठा भाऊ भाईदासच जबाबदार आहे, पण ते इथे नको. लिहिलं गेलं खरं. खोडत नाही, कारण खोडलं की तिथे वेगळी सही लागते. तर हा भाईदासच कायद्याने वारस. पारोळ्याच्या घरातला माझा हिस्सा त्याला. तिथे त्याने माझी वळकटी बाहेर काढून व्हिडिओचा धंदा मांडलाच आहे. सायकलही त्याला. ब्रेक नाहीत हे मी मुद्दाम सांगतो, नंतर म्हणायला नको.

पण हनुवट्या साहेबाच्या सिनेमांच्या दोन पेट्या भाईदासला द्यायच्या नाहीत. जुनी फिल्म धुऊन चांदी काढणारा कोणी जळगावला आहे. भाईदासने त्याला सांगून ठेवलंय. मी दवाखान्यात जाणार म्हटल्यावर भावाने पहिलं काय विचारलं? "पेट्या कोठे शेत?" गाठ कुठे आहे हे नाही विचारलं.

कलम दुसरे. हनुवट्या साहेब म्हणजे कोण, हे पुढे पेट्या उघडणाऱ्याला कळावं म्हणून लिहितो. हा विलायतेचा जुना हसवणारा नट. खरं नाव फिल्मच्या सुरुवातीला असणार, पण मशीनमध्ये अडकून अडकून सुरुवातीच्याच पट्ट्या तुटल्या, नाव त्यातच गेलं. हनुवटी खुरप्यासारखी, म्हणून गावोगाव हनुवट्या. बाकीचे नट हसवायला पडतात. हा पडत नाही, पडता पडता सावरतो आणि कोणी पाहिलं का म्हणून बघतो. तिथेच आमच्या बाया पदर तोंडाला लावतात. भुसावळला साहेब लोकांच्या क्लबाचं जुनं सामान निघालं, त्यात माझा भागीदार नासीर मशीन शोधत होता. मशीनसोबत या पेट्या गळ्यात पडल्या. भुसावळच्या स्टेशनावर त्या दिवशी काय भजी खाल्ली होती! असो.

कलम तिसरे. त्याचा सगळ्यात चांगला सिनेमा कोणता, हा निकाल मी इथे देऊन ठेवतो. बदकाचा. त्यात तो पोस्टमन असतो आणि एक जिवंत बदक बड्या साहेबाच्या बंगल्यावर पोचवायचं असतं. बदक त्याला सोडत नाही. दुसरा शिंप्याचा. त्यात शिंप्याला लोक होणारा जावई समजतात, सासऱ्याचं माप घेता घेता याचं लग्न लागतं. नासीर म्हणतो शिंप्याचाच भारी. म्हणणारच, त्याचा बाप जब्बारचाचा शिंपी.

आता मूळ भांडण. एदलाबादच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या यात्रेत नासीरने घाईत पेट्या भरल्या आणि बदकाच्या सिनेमाला शिंप्याचं शेवटचं रीळ लावलं. पडद्यावर बदक चाललंय, चाललंय, आणि एकदम लग्नाचा मांडव! तंबू गच्च. भोंगा माझ्या हातात. मी काय करणार? सांगितलं, "बदक पोचाडं म्हनीसन साहेबनी पोर दिन्ही!" बदक पोचवलं म्हणून साहेबाने मुलगी दिली म्हटल्यावर लोकांनी टोप्या उडवल्या. तेव्हापासून साऱ्या खानदेशात बदकाचा शेवट लग्नच. पुढे यावलला मी खरा शेवट लावायला लावला, तर माणसं उठून उभी. "ओ भाऊ, लगीन कोठे शे? बठ्ठा सिनेमा देखाडा!" सगळा दाखवा म्हणे. नासीर मशीनमागून ओरडतो, "देख, पब्लिक को शादी होना!"

खऱ्या शेवटात बंगल्याचं फाटक बंद असतं. तो बदक खाली ठेवतो, टोपी घालतो, घरी निघतो. बदक मागून येतं. त्याला ते माहीत आहे, पण तो वळून बघत नाही, फक्त चाल हळू करतो. बस. मी तिथे भोंगा खाली धरतो. सांगण्यासारखं काही नसतं. नासीर म्हणतो रडका शेवट. रडका नाही, नासीर. कितीदा सांगू?

कलम चौथे. दोन्ही पेट्या, मशीन, पडदा आणि भोंगा शेख नासीर शेख जब्बार, राहणार यावल, यांना देतो. त्यांनी फिल्म विकू नये. येत्या महाशिवरात्रीच्या यात्रेत बदकाला बदकाचंच रीळ लावावं, लोक ओरडले तरी. अहिराणीत सांगावं, हिंदीत नाही.

हे मी लिहीपर्यंत नासीर मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "मेरे को नहीं होना तेरी पेटी." मी लक्ष दिलं नाही.

लिहून देणार: लोटन चिंधा बडगुजर
साक्षीदार १: तोताराम सुपडू, चहावाले, कोर्टासमोर
साक्षीदार २: शेख नासीर शेख जब्बार

खुलासा. दुसरी सही कशी झाली ते लिहिणं भाग आहे. तोतारामभाऊंची सही झाली तेव्हा जीवरामनाना म्हणाले, "आता दुसरा कोणी परका माणूस आणा. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष केली तर त्याचं मिळणं रद्द होतं." मी परका माणूस बघायला वळलो, तेवढ्यात नासीरने पेन घेऊन ठसठशीत सही ठोकली.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "आता पेट्या भाईदासला जातील!"

"तू मरेगा तो जाएंगे. मत मर."

"नाना, दुसरा कागद द्या."

"कितने भी कागद ले," नासीर म्हणाला, "मैं सब पे सही करूंगा."

नाना हसायला लागले. कोर्टात बसणारी माणसं अशी हसतात हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आणि आवाज गेला तर?"

नासीरने पेनाला टोपण लावलं. "तो तू हात हिला. बोलेंगा मैं. मगर बाजू में तू होना."

"अहिराणीत?"

"...अहिराणीत."

"बदकाला बदकाचंच रीळ?"

"वो बाद में देखेंगे."

एवढ्यावर हा कागद वाया गेला आहे. मी मेलो तर बदक चांदीवाल्याकडे जाणार, हे ध्यानात घेऊन मरण्याचं तूर्त रहित करतो. यात्रेतली तंबूची जागा नासीरने आजच जाऊन धरावी. विहिरीजवळची नको, तिथे फार चिखल होतो.

धुळे, दि. २१ जानेवारी १९८८
लोटन चिंधा बडगुजर