थंडी बघायला

अहो,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मंडळाच्या बायकांबरोबर मनालीला, बर्फात तंबूत राहायला निघालेच शेवटी. "थंडीच बघायचीय तर फ्रीज उघड," म्हणालात. भाजी तिथेच ठेवलीय, आता तुम्हीच उघडा. तुमची कानटोपी मी नेतेय.

प्रज्ञेश अमेरिकेला गेल्यापासून दर रविवारी तुम्ही त्याला "थंडी किती आहे?" एवढंच विचारता आणि फोन माझ्या हातात देता. म्हटलं, बापलेकांचं ज्यावर बोलणं होतं ती थंडी एकदा अंगावर घेऊन बघावी.

या रविवारी फोन द्यायला मी घरात नसेन. थंडीचं सांगून झालं की तो गप्प बसेल. तुम्ही फोन ठेवू नका.

हिरा