तोंडातलं बदक

दादा, आज सकाळी मी दोन बंदुकांच्या मध्ये बसून होते. तुम्ही असता तर आपल्या या मुलीवर रागावला नसता. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत बसला असता, आणि तेच मला जास्त लागलं असतं.

इथे न्यूझीलंडमध्ये मे महिन्यात थंडी सुरू होते आणि रानबदकांच्या शिकारीचा मोसमही. जावई इथलाच, टौरंगाच्या बंदरात कामाला. त्याच्या वडिलांच्या शेतावर मोठं तळं आहे. पाडलेली बदकं पाण्यातून आणायला म्हणून गेल्या वर्षी त्याने काळ्या लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. तो बंदरावर, लेक हॉस्पिटलात, नातवंडं शाळेत. घरात दिवसभर मी आणि ती कुत्री. तिला कसं शिकवायचं ते त्याने मला दाखवलं होतं, इंग्रजी हुकूमही सांगितले होते. पण रिकाम्या घरात कुत्रीशी इंग्रजी बोलायचं मला जमेना. मग बस, थांब, आण, दे, असंच चालू झालं. नातवंडांना माझं मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ही मात्र ‘चल गं बाळ’ म्हटलं की अख्खी हलते.

गेल्या शनिवारी तिची पहिली शिकार होती. बंदुकीला घाबरली नाही, नीट पोहत गेली, बदक घेऊनही आली, पण देईना. व्याह्यांनी ते ओढलं, तशी तिने दात आणखी आवळले आणि बदकाच्या चिंध्या झाल्या. व्याही म्हणाले, जो कुत्रा पक्षी सोडत नाही त्याला ठेवून काय करायचं. क्राइस्टचर्चला एक ओळखीचं कुटुंब आहे, हौस म्हणून पाळतील. क्राइस्टचर्च म्हणजे दुसरं बेट, समुद्रापलीकडे. जावई नुसता मान खाली घालून बूट धूत राहिला. लेक मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, “आई, इट्स हिज डॉग. तू मध्ये पडू नकोस प्लीज.” मी मध्ये पडले. जावयाला म्हटलं, एकदा मला ने, मग काय ते ठरव.

“किया ओरा, आई,” तळ्यावर व्याह्यांनी इथला माओरी नमस्कार केला. त्यांचा मुलगा मला आई म्हणतो, म्हणून त्यांना ते माझं नावच वाटतं; वयाने ते माझ्याहून मोठे आहेत. “तुम्ही बुद्धिस्ट ना? मग कोंबडी खाता ती काय म्हातारपणाने मेलेली असते?” मी म्हटलं, “मी विचारत नाही, तीही सांगत नाही.” ते खाकरल्यासारखं हसले आणि मला बसायला फळी पुसून दिली.

काठावर फांद्यांनी झाकलेली खोपटी असते, तिला इथे माईमाई म्हणतात. आत हलायचं नाही, बोलायचं नाही. ते मला जमलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी चॅपलच्या बाकावर तेवढं शिकवलं होतं. धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं. बाळ माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. मला तुमचा उंदरांचा पिंजरा आठवला. सायकलच्या कॅरिअरला पिंजरा बांधून तुम्ही नाल्यापलीकडे उंदीर सोडायला जायचात, मी पुढे दांडीवर. क्वार्टर्समधले लोक ओरडायचे, “साहेब, आज कुणाची बदली?” तुम्ही गंभीरपणे म्हणायचात, “विनंतीवरून.”

मग एकदम डोक्यावरून शिट्टीसारखा पंखांचा आवाज, आणि कानाशी दोन बार. पाण्यात काहीतरी पडलं. जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आण.”

ती धुक्यात जाते. नुसता पोहण्याचा आवाज येतो, मग तोही येत नाही. मग ती दिसते, तोंडात बदक. आणि बदकाची मान वर आहे. एक पंख मोडून लोंबतोय, दुसरा तिच्या तोंडावर आपटतोय. ती काठाला लागते आणि थांबते, तिघांकडे पाहते.

“ग्रॅब इट, आई,” व्याही दातांतल्या दातांत म्हणतात. “निसटलं तर ही यापुढे प्रत्येक पक्षी चावूनच धरेल.”

दादा, माझ्या धाकट्या भावाने तुमचं दाढीचं पातं मुठीत धरलं होतं तो दिवस. आई पोळ्या टाकून धावली, मीही धावले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, “मागे व्हा दोघी. ओढलं की मूठ मिटते.” आणि त्याच्यासमोर उकिडवं बसून हात पुढे केलात. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला तरी हात तसाच. त्याने आपणहून मूठ उघडली.

मी चिखलात गुडघे टेकले. दोन्ही तळवे तिच्या हनुवटीखाली धरले, “दे” म्हटलं आणि हात तसेच ठेवले. पंख तिच्या डोळ्यावर बसत होता. व्याह्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे येत होता. जावयाने तो धरला. ती माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ. मग दात सुटले.

बदक माझ्या हातात आलं. ऊबदार होतं आणि वाटलं होतं त्याहून हलकं. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं. एकही दात रुतला नव्हता. मी ते सोडणार असं जावयाला वाटलं असणार. तो हळूच म्हणाला, “आई, पंख मोडलाय. सोडलंत तर संध्याकाळपर्यंत तळ्यातले ईल मासे खातील, जिवंतच.” व्याह्यांनी हात पुढे केला आणि या वेळी तेही थांबले. मी बदक त्यांना दिलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. काम एका क्षणाचं होतं.

“शीज राइट, जमतंय हिला,” वळून ते मुलाला म्हणाले. “क्राइस्टचर्चवाल्यांना सांग, दुसरं बघा.”

आत्ता संध्याकाळी वंदना म्हणताना पहिल्याच, प्राणिहत्या न करण्याच्या शीलापाशी मी अडखळले, तरी पुरी केली. हा कागद पाकिटात जायचा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. पण तुम्हाला तरी खरं लिहावं. लेकीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, देताना फार वाईट वाटलं. ते वाटलं, पण नंतर. आधी, ते बदक माझ्या हातात जिवंत असतानाच, मला एवढंच सुचलं होतं, की ही आता आपल्याकडे राहणार.