सुनंदाचा फोटो

धुळे. गुरुवार, माघ वद्य एकादशी

आज खोटे बोललो, तेही उपवासाच्या दिवशी.

दुपारी नाना स्टुडिओत आले. त्यांची थोरली सुनंदा सहा दिवसांपूर्वी तापाने गेली. खुर्चीत टेकून म्हणाले, “भाऊ, सुनंदाना फोटो धुई झाया का?”

त्यांच्या गावात फोटो अजून धुतातच. धाकटीच्या लग्नात सुनंदा पंगतीला वाढता वाढता थांबून म्हणाली होती, “बठ्ठासना झाया, आते मना एकलीना एक काढा.” सगळ्यांचे झाले होते, तिचा एकटीचाही काढला. अल्बममध्ये घेतला नाही. अल्बम दिल्यावर कॅमेऱ्यातले कार्ड पुसून पुढच्या लग्नाला नेले. अल्बममध्ये ती आहे, पण सगळीकडे पंगतीत वाकलेली. चेहरा कुठेच नाही.

रोल असता तर निगेटिव्ह कपाटात राहिली असती. पण रोल असता तर मी तिला उभे तरी केले असते का? छत्तीस फोटोंत वरपक्षाचे मामाच मावत नसत. फुकट पडतो म्हणून काढला आणि फुकटचा म्हणूनच पुसला. मग कॅमेऱ्याला दोष कसा देऊ?

मी म्हणालो, “धुवायला टाकलाय, नाना.”

“सावकाश धुवा. पन दहावाले पाहिजे. तिना दुसरा फोटोच नई.”

धुवायला टाकलाय. त्यांचाच शब्द, त्यांनाच फसवायला.

उद्या पहिल्या एसटीने, दहाव्याच्या आधीच, त्यांच्या घरी जायचे. कार्ड, मशीन काही समजावत बसायचे नाही. माझ्या हातून गेला, एवढेच म्हणायचे.